बशीखालचं 1775

प्रश्न : आजेसासूबाईंचा इंग्लिश टी-सेट आहे. फिकट निळा, सोनेरी काठाचा. बशीखाली मुकुट, ‘एन्सली, इंग्लंड, बोन चायना’ आणि 1775 असं छापलंय. बाजूला ‘आर.डी. नं.’ असून आकडा सात लाखांच्या पुढचा आहे. सहा कप, सहा बश्या, सहा छोट्या प्लेट, एक मोठी प्लेट, दुधाचा जग आणि साखरेचं भांडं आहे. किटली हरवली असावी. सेट अडीचशे वर्षांचा समजायचा का? किंमत कशी काढायची? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही. 1775 हे कंपनी आपल्या स्थापनेचं म्हणून सांगते ते साल. बहुतेक घरांत गफलत इथेच होते. हाडांची राख निम्मी आणि बाकी चिनी माती व चायना स्टोन नावाचा दगड, हे बोन चायनाचं मिश्रण इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये स्थिरावलं तेच 1800 च्या आसपास. आता ‘इंग्लंड’ शब्द बघा. अमेरिकेने 1891 पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यानंतर तो सर्रास दिसू लागला. ‘बोन चायना’ अशी अक्षरं शिक्क्यात असली की माल विसाव्या शतकातला धरावा.

सगळ्यांत पक्का पुरावा आर.डी. नंबरचा. ब्रिटनमधल्या नक्षीच्या नोंदणीचे हे आकडे 1884 मध्ये 1 पासून सुरू झाले. 1900 च्या सुरुवातीला ते साधारण साडेतीन लाखांवर होते आणि 1920 च्या दशकात त्यांनी सात लाख ओलांडले. म्हणजे तुमचा सेट फार तर शंभरीच्या आसपासचा. तीच नक्षी पुढे कित्येक वर्षं छापली जायची, त्यामुळे तो आणखी अलीकडचाही असू शकतो. तळाला हाताने लिहिलेला वेगळा आकडा असेल तर तो नक्षीचा क्रमांक असतो. त्याला साल समजू नका.

किटलीची हळहळ नको. सहा कप, सहा बश्या, सहा प्लेट, केकची मोठी प्लेट, जग आणि साखरेचं भांडं मिळून एकवीस नग होतात. त्या काळी एवढ्यालाच पूर्ण सेट म्हणत. किटली बरेचदा वेगळी विकत घ्यावी लागे.

खरी किंमत ठरते ती नग किती धड आहेत यावर. कप तीन बोटांच्या टोकांवर तोलून काठावर नखाने हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा लांबणारा नाद यायला हवा. ‘ठक्क’ आवाज आला तर कुठेतरी केसासारखी चीर आहे. मग अंधारात कपाच्या आत मोबाईलचा टॉर्च धरा. चीर काळसर रेघेसारखी उमटते, कारण चहा तिच्यात मुरलेला असतो. कान जिथे जोडलाय तिथे आणि काठावर बोट फिरवून टवके तपासा. टवका बुजवून वर रंग दिला असेल तर तो भाग गुळगुळीत पण किंचित ऊबदार लागतो, चिनी मातीसारखा गार लागत नाही. शिक्के सगळ्या नगांवर एकसारखे आहेत ना, हेही पाहा. फुटलेल्या बशीच्या जागी नंतरची बशी घातलेली पुष्कळदा सापडते.

सोनेरी काठ घासला गेला असेल तर भाव चांगलाच पडतो. तेव्हा दाखवायला नेण्याआधी ‘चकाचक’ करण्याच्या फंदात पडू नका. चिंच, लिंबू, तारेचा चोथा यांनी सोनं निघून जातं. आतला चहाचा डाग ओल्या खाण्याच्या सोड्याने बोटाने पुसा, काठ सोडून. उकळतं पाणी एकदम ओतू नका.

विमा, दुकान आणि स्वतः केलेली विक्री या तिन्हींची किंमत वेगवेगळी असते. विम्याची सर्वांत जास्त. इंटरनेटवर मागितलेला भाव नको, प्रत्यक्ष विक्री झालेला भाव शोधा. अख्ख्या सेटला आज पूर्वीसारखी मागणी नाही. सुटा कप-बशी-प्लेटचा जोड लवकर जातो.

प्रश्न : असाच पण 1880 चा सेट मुलीकडे परदेशी पाठवता येईल का?

उत्तर : थेट पाठवू नका. 1972 च्या पुरावशेष (म्हणजे जुन्या, जपण्याजोग्या वस्तूंच्या) कायद्यात वस्तू किमान शंभर वर्षं जुनी असण्याची अट आहे आणि पुरावशेष ठरलेली वस्तू खासगी व्यक्तीला बाहेर नेता येत नाही. तुमचा सेट त्यात मोडतो का, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी घ्या, मगच खोकं बांधा.