कामावर हात दुखावला, ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) पैसे चालू आहेत. डॉक्टरची तारीख चुकली तर चालतं का? आणि सुपरवायझर अर्धा दिवस ये म्हणतो, जाऊ का?

चालत नाही. प्रश्न वाचला आणि माझा उजवा अंगठा ठणकला.

रबाळे एमआयडीसीत पॉवर प्रेसवर होतो. दाबलेला पत्रा काढताना अंगठा सापडला, टाके पडले, घरी बसलो. सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात, माझे दिवसाला ५४० रुपये बसत होते. ईएसआयच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई बघून सर्टिफिकेट द्यायच्या, त्यावर पैसे.

तेवढ्यात गणपती आले. मेहुणा म्हणाला, "दाजी, बसायचंच तर कळव्याच्या खोलीत कशाला, पाटणला चला. पट्टी तिथला माझ्या ओळखीचा डॉक्टर करेल." सर्टिफिकेट शुक्रवारी संपत होतं, तारीखही त्याच दिवशीची. मी आपला बुधवारीच एसटीत. पुढच्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी दवाखान्यात उभा राहिलो, तर बाईंनी केसपेपर चाळून विचारलं, "मधले दिवस कुठे होता?" पाटणची चिठ्ठी दिली. त्यांनी वाचली, माझ्याच हातात ठेवली आणि नवीन सर्टिफिकेट त्या दिवसापासून लिहिलं. नऊ दिवस गेले, ४,८६० रुपये. उकडीचे मोदक इतके महाग मी आयुष्यात खाल्ले नाहीत.

बाईंवर राग नाही. पैसे घेत असताना उपचार चालू आहेत तो परिसर ईएसआयच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडायचा नाही, हा नियमच आहे. विचारलं असतं तर बहुतेक जा म्हणाल्या असत्या. "ईएसआयवाले बघतच नाहीत, खाजगीत दाखव" म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांना चहा द्या, तारीख विचारू नका.

सुपरवायझरला नाही म्हणा. ज्या दिवशी काम करून पगार घ्याल, त्या दिवसाचे ईएसआयचे पैसे नाहीत. या काळात तुम्हाला सहसा काढूनही टाकता येत नाही, तेव्हा घाबरू नका.

हां, एक राहिलं. खाजगी डॉक्टरचे कागद अगदीच रद्दी नसतात. ईएसआयचं शाखा कार्यालय ते पुरावा म्हणून मान्य करू शकतं, पण ते त्यांनी ठरवायचं. मी नेलेच नाहीत. रागाच्या भरात चिठ्ठी फाडली होती.

मेहुणा अजून म्हणतो, "दाजी, तुम्ही तारीख सांगितलीच नव्हती." कॅलेंडरवर शुक्रवारी लाल गोल होता. कॅलेंडर त्यानेच आणून दिलेलं.