दुबईला वर्षभरासाठीच जाताय ना, मग कॅमेरे कशाला विकताय?

तुमचा मेसेज वाचला. सोलापुरात नवी पेठेत छोटा फोटो स्टुडिओ, मुख्य धंदा लग्नांचा, दुबईत एका कंपनीत वर्षभराचं काम मिळतंय, पगार ७००० दिरहॅम, राहायची सोय त्यांची, ऑगस्टमध्ये निघायचं. त्यासाठी सगळे कॅमेरे-लेन्स मित्राला ४ लाखांना द्यायचे, ३ लाखांची एफडी मोडायची, एसआयपी बंद करायची आणि त्यातूनच एजंटचे अडीच लाख द्यायचे. हे बरोबर आहे का, असं विचारलंय.

जायला माझी ना नाही. जेवणखाण, फोन, येणंजाणं धरून महिन्याला ४००० दिरहॅम जरी मागे पडले तरी सोलापुरात पावसाळ्यात तेवढे कोण देतंय तुम्हाला? पण हा बेत कायमचं जाणाऱ्या माणसाचा आहे आणि तुम्ही तर पुढच्या ऑगस्टला परत यायलाव.

आधी एजंटचं बोलू कारण मला तिथंच खटकलं. परदेशी नोकरीसाठी सरकारकडे रजिस्टर असलेला एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेऊ शकतो, आणि यूएईचा २०२१ चा कामगार कायदा सांगतो की भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून वसूल करायचा नाही, मग हे अडीच लाख कशाचे? एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का बघा, पावती मागा. 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडं गेल्यावर बघू' म्हणाला तर तिथंच हात जोडा.

आता सामान. ४ लाखांना जे जातंय तेच वर्षाने नवीन घ्यायला तुम्हाला ७-८ लाख लागतील, म्हणजे पगारातली निम्म्याहून जास्त बचत परत कॅमेऱ्यातच. कॅमेऱ्याच्या बॉडीची किंमत मॉडेल बदललं की पडते, तेव्हा जुनी बॉडी खुशाल विका, पण लेन्स ठेवा. सामानाचा ईएमआय ११,४०० चा आहे आणि १४ हप्ते राहिलेत, म्हणजे जेमतेम १ लाख ६० हजार, ते दुबईच्या पगारातून आरामात जातील. लग्नात दुसरा कॅमेरा धरणारा तुमच्या हाताखालचा पोरगा हुशार दिसतोय, त्याला सामान वापरायला द्या, कामाचे वाटे ठरवून घ्या, आणि ठरलेलं कागदावर असू दे, नुसतं तोंडी नको. तसंही पावसाळ्यात बंद कपाटात पडलेल्या लेन्सला बुरशीच लागते. स्वतःची एखादी बॉडी सोबत नेणार असाल तर जाताना एअरपोर्टवर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर येताना 'हा इथलाच कॅमेरा' हे पटवत बसाल. ड्रोन मात्र घरीच राहू दे.

मेसेजमध्ये ज्याचा हिशोबच नाही तो म्हणजे परत आल्यानंतरचा काळ. ऑगस्टमध्ये आलात तरी मुहूर्त लागणार तुळशीच्या लग्नानंतर, आणि त्या सीझनच्या ऑर्डरी तर लोकांनी कधीच दुसऱ्याला दिलेल्या असणार, शिवाय बाकीचे पैसे अल्बम दिल्याशिवाय हातात पडत नाहीत हे तुम्हाला मी सांगायला नको. घरखर्च ४५ हजार धरला तर सहा महिन्यांचे २ लाख ७० हजार होतात. तुमची एफडी म्हणजे नेमके हेच पैसे आहेत, म्हणून तिला हात लावू नका. एसआयपी पण चालू ठेवा, फक्त केवायसीमध्ये एनआरआय स्टेटस करून घ्या.

दुकान? सोडा. लग्नाची गिऱ्हाइकं ओळखीतून आणि इन्स्टावरून येतात, पासपोर्ट फोटोसाठी वर्षभर भाडं कशाला भरायचं. पण फोन नंबर जिवंत ठेवा, गिऱ्हाईकही त्यावरच आणि बँकेचा ओटीपीही त्यावरच.

बँकेचं काम जायच्या आधी उरका. नोकरीसाठी बाहेर गेलात की इथलं सेव्हिंग खातं एनआरओ (एनआरआयचं इथल्या कमाईसाठीचं खातं) करावं लागतं, आणि पगार पाठवायला वेगळं एनआरई (तिकडच्या कमाईसाठीचं) उघडा, त्याचं व्याज भारतात करमुक्त आहे, एनआरओच्या व्याजावर मात्र ३० टक्के टीडीएस कापतात. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं.

टॅक्समध्ये लोक फसतात ते असं. ऑगस्टमध्ये गेलात तर या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरत नाहीत, तुम्ही एनआरआय, दुबईच्या पगाराला इथं कर नाही. (एप्रिल ते जुलैची इथली कमाई ४ लाखांच्या वर असेल तर बघावं लागेल, कारण नवीन टॅक्स रिजीममधली १२ लाखांपर्यंतची रिबेट, म्हणजे करातली सूट, एनआरआयला मिळत नाही.) पण पुढच्या वर्षी ऑगस्टला परत आलात की मार्चपर्यंत १८२ च्या वर दिवस भरतात, तुम्ही रेसिडेंट, आणि मग त्या वर्षातल्या एप्रिल ते जुलैचा दुबईचा पगारही इथल्या रिटर्नमध्ये येतो. सगळं मिळून १२ लाखांच्या आत राहिलं तर रिबेटमुळे कर शून्य होईल, पण दाखवावं लागेलच, तिथलं बँक खातंसुद्धा. जीएसटी नंबर असेल तर निल रिटर्न भरत राहा किंवा नंबर सरेंडर करा, नुसता सोडून जाऊ नका.

ऑफर लेटरमध्ये मुदत ११ महिने आहे का पूर्ण वर्ष, तेही बघा. तिथं ग्रॅच्युइटी वर्ष पूर्ण झालं तरच मिळते, २१ दिवसांचा बेसिक, त्यामुळे महिनाभर वाढवून मागायला लाजू नका.

आणि मार्गशीर्षातल्या सहा लग्नांचा १ लाख २० हजार ॲडव्हान्स तुम्ही शिलकीत धरलाय, तो तुमचा नाही हो. एकेकाला फोन करा, पोरगा काढेल, चालेल का विचारा, नको म्हणाले तर पैसे परत. जुन्या अल्बमची बाकी पण जुलैतच वसूल करा, दुबईतून फोन केल्यावर कोण देतंय.