वाचकांचे प्रश्न : संधिवात, गुळवेल आणि किलर पेशी

प्रश्न : माझे वय 57 असून मी नेरुळला राहते. चार वर्षांपासून मला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या गोळ्या चालू आहेत. सकाळी ज्वेल पार्कला फिरायला येणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, ‘तुझी प्रतिकारशक्ती कमी पडते, गुळवेलीचा काढा आणि अश्वगंधा सुरू कर.’ वनस्पतीच आहेत, मग घ्यायला काय हरकत आहे?

उत्तर : मैत्रिणींचा हेतू चांगला असला, तरी त्यांचे निदान उलटे आहे. आपल्या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसून ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून गेलेली असते. टी-पेशी, बी-पेशी आणि मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशी तेथे ठाण मांडतात, टीएनएफसारखी दाह वाढवणारी द्रव्ये सोडतात आणि त्यातून बोटांना सूज व सकाळचा आखडलेपणा येतो. मेथोट्रेक्सेट हाच दाह आवरते. गुळवेलीची ख्याती प्रयोगशाळेत मॅक्रोफेज पेशींना चेतवणारी वनस्पती अशी आहे. ती सांध्यांवर नेमका काय परिणाम करील, हे त्यावरून ठरत नाही. पण एकाने चुलीतला जाळ ओढायचा आणि दुसऱ्याने त्याच चुलीत लाकूड सारायचे, असा प्रकार होण्याचा धोका कशासाठी पत्करायचा?

याहून मोठी काळजी यकृताची आहे. कोविडच्या काळात, 2020च्या अखेरच्या महिन्यांत, मुंबईतील यकृततज्ज्ञांना गुळवेल घेतलेले सहा रुग्ण यकृताला इजा झालेल्या अवस्थेत आढळले आणि 2021 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्यांचा निष्कर्ष असा की, ज्यांच्यात स्वतःच्या शरीराविरुद्ध प्रतिकार उभा राहण्याची प्रवृत्ती आधीपासून दडलेली असते, त्यांच्यात गुळवेल ती जागी करीत असावी. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल असू शकते, असे त्याचे म्हणणे होते. हा वाद महत्त्वाचा आहे, परंतु आपल्यापुरता तो निर्णायक नाही. क्रिस्पाच्या खोडावर ठळक पुटकुळ्या असतात खऱ्या. मात्र साल काढून कांडक्या केल्यावर, किंवा रस गाळून पेल्यात ओतल्यावर, वेल कोणती होती हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. शिवाय मेथोट्रेक्सेटचाही ताण यकृतावर पडतो, म्हणून तर आपल्याला ठरावीक काळाने एसजीपीटी (यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणारा घटक) आणि रक्तपेशींची तपासणी करावी लागते. त्यात काढ्याची भर पडून एसजीपीटी वाढले, तर दोष कोणाचा हे उलगडत बसावे लागते आणि बहुधा उपयोगी गोळीच आधी बंद होते.

अश्वगंधेबाबतही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि ती थायरॉइडची संप्रेरके वाढवू शकते. थायरॉइडची गोळी चालू असेल तर हे विशेष लक्षात ठेवावे. आल्फाल्फा म्हणजे लसूणघास; तिच्या गोळ्यांनी ल्युपस हा आपल्या आजाराच्याच जातीचा, प्रतिकारशक्ती स्वतःवर उलटण्याचा आजार बळावल्याचे दाखले आहेत. स्वयंपाकातली हळद, आले, लसूण खुशाल खावे; माझा आक्षेप अर्क काढून कॅप्सूलमध्ये भरलेल्या मात्रेला आहे.

काढा आधीच सुरू केला असेल तर तो थांबवून पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अन्नावरची वासना उडणे किंवा अंगाला खाज सुटणे, यांपैकी काही जाणवल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये. मेथोट्रेक्सेट मात्र मनाने बंद करू नये, आणि ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते हे घरच्यांनाही सांगून ठेवावे. ती चुकून रोज घेतली गेल्याने जिवावर बेतलेले आहे. संसर्गाची भीती वाटत असेल, तर फ्लू आणि न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा एक जंतू) यांच्या लसींविषयी विचारावे. आपल्यासारख्या रुग्णांसाठी त्यांची शिफारस केलेली आहे.

प्रश्न : मी ठाण्यात राहतो, वय 63, मधुमेह आहे. आमच्या सोसायटीत एका विक्रेत्याने मशरूमच्या अर्काच्या कॅप्सूल दाखवल्या. त्यांनी ‘नॅचरल किलर पेशी’ वाढतात आणि ते रक्ततपासणीत दिसते, असे तो म्हणतो. घ्याव्यात का?

उत्तर : विषाणूंनी ग्रासलेल्या आणि कर्करोगाकडे वळलेल्या पेशींना मारणाऱ्या या पेशी खऱ्या आहेत, पण त्यांची रक्तातली संख्या फार चंचल असते. तीन मजले चढून लगेच रक्त दिले, तरी ती वाढलेली दिसते, कारण ॲड्रिनलिनमुळे त्या तेवढ्यापुरत्या रक्तात उतरतात. उलट एका रात्रीची झोप मोडली की त्यांची मारकशक्ती घटते. तेव्हा कॅप्सूलच्या आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी शेजारी मांडून काहीही सिद्ध होत नाही. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर अर्क थेंबाथेंबाने टाकून मिळालेला निकाल पोटातून जाणाऱ्या कॅप्सूलला लावता येत नाही, ही आणखी एक गोष्ट.

मधुमेहात खरी अडचण बहुतेक वेळा न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींची असते. साखर सतत चढलेली राहिली की त्या जंतूंपर्यंत पोहोचण्यात आणि त्यांना गिळण्यात मंदावतात. त्यावर परिणामकारक उपाय म्हणजे साखर ताब्यात आणणे, आणि ती किती ताब्यात आहे हे एचबीएवनसी ही गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी सांगते. डबीवर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक असला, तरी तो औषध म्हणून दिलेला परवाना नव्हे. अशा पूरक आहाराच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना छापणे बंधनकारक आहे. विक्रेता पुन्हा आला तर त्याला ती ओळ मोठ्याने वाचायला सांगावी. त्याने मधुमेह बरा होतो असा दावा केला, तर अशा जाहिरातींना 1954च्या कायद्याने बंदी आहे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.