पेडल स्टील गिटार नव्याने शिकताना: कुठली घ्यावी आणि पहिले काही महिने काय वाजवावं

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की साधी सहा तारांची गिटार बरीच वर्षं वाजवताय, नोकरीनिमित्त डॅलसला आलात, तिथे एका डान्स हॉलमध्ये पेडल स्टील (आडवी ठेवून, डाव्या हातातली धातूची कांडी म्हणजे बार तारांवर टेकवून वाजवायची गिटार, जिच्यात पायाने पेडल आणि गुडघ्याने लिव्हर दाबून तारांचे सूर बदलतात) ऐकली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाहीये. जवळच कोणीतरी जुनी शो-बड मॅव्हरिक स्वस्तात विकतंय ती घ्यावी का, आणि शिक्षक नसताना आपलं आपण जमेल का, हे तुम्हाला विचारायचंय. मी टेक्सासमध्येच हे वाद्य वाजवतो आणि जीव लावून वाजवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मॅव्हरिक घेऊ नका. शो-बड हे नाव मोठं आहे, शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या दोन स्टील वादकांच्या नावांवरून ते पडलंय, पण मॅव्हरिक हे त्यांचं विद्यार्थ्यांसाठीचं साधं मॉडेल होतं, तीन पेडल आणि सहसा एकच नी लिव्हर, म्हणजे गुडघ्याने ढकलायचा दांडा. आजचे जवळजवळ सगळे धडे तीन पेडल आणि निदान चार नी लिव्हर धरून लिहिलेले असतात. एका लिव्हरवर तुम्ही सुरुवात कराल, दोनतीन महिन्यांत धड्यात ‘इथे एफ लिव्हर दाबा’ (म्हणजे ई च्या तारा एफ पर्यंत चढवणारा लिव्हर) येईल आणि तुमच्याकडे तो नसेल. मग दुसरं वाद्य शोधत बसायचं, तोवर उत्साह गेलेला असतो. स्टेज वन नावाचं नवशिक्यांसाठीचं मॉडेल आहे, तीन पेडल चार लिव्हरचं, ते वापरलेलं मिळालं तर डोळे झाकून घ्या, नाहीतर एखादी जुनी पण नीट ठेवलेली सिंगल नेक, म्हणजे तारांचा एकच संच असलेली, एमएसए किंवा जीएफआय कंपनीची बघा. डबल नेकच्या, म्हणजे दोन संचांच्या, मोहात आत्ता पडू नका, तिच्या मागच्या नेकवर सी-सिक्स ट्युनिंग असतं, ते स्विंग आणि जॅझच्या अंगाचं, तो वेगळा अभ्यास आहे आणि वजनही फार होतं.

आता मुख्य मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे हवाईयन गिटार लोकांनी भरपूर ऐकलीय, मुंबईत वॅन शिप्ली, कलकत्त्यात सुनील गांगुली, त्यामुळे मराठी माणूस या वाद्याकडे येतो तो मींडेच्या ओढीने येतो आणि बार इकडून तिकडे सरकवायला लागतो. पेडल स्टीलची खरी गंमत त्याच्या उलट आहे हो. बार जागेवर असतो आणि पाय चालतो. तीन तारा एकत्र वाजताहेत, त्यातल्या दोन वर चढतात आणि तिसरी तशीच राहते, हा जो आवाज आहे ना तो दुसऱ्या कुठल्या मार्गाने सहज निघत नाही. १९५४ साली कंट्री गायक वेब पीअर्सचं ‘स्लोली’ हे गाणं आलं, त्यात स्टील वादक बड आयझॅक्सने तारा वाजत असताना पेडल दाबलं आणि ते ऐकून कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या वादकांनी आपापली वाद्यं बदलायला घेतली. आयझॅक्सचं ते एकच पेडल दोन सुरांना एकदम चढवायचं. पुढे एमन्स आणि जिमी डे या वादकांनी तेच काम दोन पेडलांत वाटून घेतलं, म्हणजे हवं तर एक, हवं तर दुसरं, हवी तर दोन्ही. आज ज्याला ए पेडल आणि बी पेडल म्हणतात ते हेच.

हे हातात घेऊन बघा म्हणजे कळेल. ई-नाइन, म्हणजे सिंगल नेकवर सहसा असतं त्या दहा तारांच्या ट्युनिंगमध्ये चौथी तार ई, पाचवी बी, सहावी जी शार्प. या तिन्ही मिळून ई मेजर कॉर्ड. ए पेडलने बी चा सी शार्प होतो, बी पेडलने जी शार्पचा ए होतो, ई ला कोणी हात लावत नाही, आणि बार न हलवता तुम्ही ई वरून ए मेजरला पोचता. बार तिसऱ्या फ्रेटवर ठेवा, आता ही जी कॉर्ड झाली, ए आणि बी दोन्ही दाबले की सी. तसेच दाबून बार पाचव्या फ्रेटवर नेला की डी. झाल्या की तीन कॉर्ड, आणि अर्धं कंट्री संगीत यावर उभं आहे! नुसतं ए पेडल दाबलं तर तिसऱ्या फ्रेटवर ई मायनर. मग तीच जी कॉर्ड सहाव्या फ्रेटवर ए पेडल आणि एफ लिव्हर एकत्र दाबून मिळते, आणि दहाव्या फ्रेटवर ए-बी दाबून मिळते. तीन, सहा, दहा. या तीन जागांमधून एकाच कॉर्डमध्ये हिंडता आलं की नकाशा डोक्यात बसला. आणि सहाव्या फ्रेटवरचा तो एफ लिव्हर मॅव्हरिकच्या एकाच लिव्हरमध्ये असेलच याची खात्री नाही, म्हणून वर एवढं लिहिलं.

पहिला महिना दोन महिने एवढंच वाजवा. तारांचे गट ठरलेले आहेत, ३-४-५, ४-५-६, ५-६-८, ६-८-१०, प्रत्येकात पूर्ण मेजर कॉर्ड येते. सहा तारांच्या गिटारवरून येणाऱ्याला एक गोष्ट विचित्र वाटते, की पहिल्या दोन तारा तिसरीपेक्षा खालच्या सुरात आहेत. त्या नंतर जोडल्या गेल्या, सध्या त्यांच्याकडे बघू नका.

सुराबद्दल बोलायलाच हवं, कारण या वाद्याला पडदे नाहीत, फ्रेटच्या फक्त रेघा काढलेल्या असतात. बार बरोब्बर रेघेच्या वर हवा, गिटारवर बोट ठेवतो तसा रेघेच्या मागे नाही, आणि डोकं बारच्या सरळ वर हवं, तिरकं बघितलं की रेघ दिसते एकीकडे आणि सूर लागतो भलतीकडे. आता ट्यूनरचं बघा. सगळ्या तारा ट्यूनरच्या काट्याप्रमाणे मध्यावर लावल्या तर कॉर्ड कडक, बोचरी लागते. तानपुरा नीट लागला की त्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो ट्यूनरच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातले १४) खाली असतो, आणि ई च्या कॉर्डमध्ये जी शार्प हाच गंधार. म्हणून बरेच वादक जी शार्पच्या तारा मुद्दाम उतरत्या लावतात, कोणी पूर्ण १४ सेंट, कोणी थोडं कमी. ए पेडलने येणारा सी शार्प हा ए च्या कॉर्डचा गंधार, त्यालाही तसंच. तुमच्या फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप असेलच, ते पांढरी पाचला लावा, बार तिसऱ्या फ्रेटवर ठेवा आणि वरचे चारही गट एकेक करून सावकाश वाजवा, कॉर्ड तानपुऱ्यात विरघळेपर्यंत बार केसभर मागेपुढे करत राहा. मी नवीन माणसाला सगळ्यात आधी हेच करायला लावतो. आपला कान या बाबतीत तयार असतो, त्याचा फायदा घ्या.

ट्युनिंग दोन ठिकाणी होतं हेही लक्षात ठेवा. मोकळ्या तारा खुंट्यांनी लावायच्या, पण पेडल दाबल्यावरचा सूर दुसऱ्या टोकाला, चेंजरच्या (पेडल दाबल्यावर तारा ताणणाऱ्या किंवा सैल करणाऱ्या यंत्रणेच्या) बाजूला, नायलॉनच्या छोट्या नटांनी लावायचा. आधी मोकळ्या, मग पेडल, हा क्रम मोडू नका.

उजव्या हाताला अंगठ्यात प्लास्टिकचा पिक, पुढच्या दोन बोटांत धातूचे. पहिले काही दिवस ते नको वाटतील तरी काढू नका. आणि वाजवण्याइतकंच थांबवणं शिकायचंय. इथे काही न केलं तर तारा वाजतच राहतात, एका सुरावरून दुसऱ्यावर गेलात की मागचा सूर सोबत येतो आणि सगळा चिखल होतो. त्याला उपाय ब्लॉकिंग. तळहाताची करंगळीकडची कड तारांवर अलगद टेकवायची, सूर बंद, उचलायची, पुढचा सूर. पिक्सनीच तार थांबवायची दुसरी पद्धत आहे, पण माझं मत स्पष्ट आहे की आधी तळहाताची शिका. एकाच तारेवर, एकाच सुरावर, मेट्रोनोमच्या ठोक्याला सूर आणि पुढच्या ठोक्याला शांतता. अगदी सावकाश. याला जो कंटाळतो त्याची सफाई पुढे कधी येत नाही, हे मी खूप जणांच्या बाबतीत बघितलंय. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी बारच्या मागे तारांवर टेकलेली राहू द्या, नाहीतर मागून घरघर ऐकू येते.

बसण्याची उंची अशी हवी की मांड्या वाद्याच्या खालच्या बाजूला जेमतेम लागणार नाहीत आणि गुडघे लिव्हरच्या अगदी जवळ राहतील. खुर्ची उंच पडली तर लिव्हर चुकून दाबले जातात. पातळ तळव्याचे बूट घाला, जाड स्पोर्ट्स शूजमध्ये पेडल कळतच नाही. ए आणि बी वर एकच डावं पाऊल असतं, घोटा डावीकडे कलवला की ए, उजवीकडे की बी, हे एमन्स सेटअपमध्ये. डे सेटअपमध्ये क्रम उलटा. विकत घेण्याआधी हे विचाराच, कारण पायाला एकदा सवय लागली की बदलणं फार जिवावर येतं.

उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर. ते आवाज लहानमोठा करायला नाहीये, सूर विरायला लागला की हळूहळू दाबत नेऊन त्याला लांबवायला आहे. साधारण अर्ध्यावर ठेवून वाजवायचं म्हणजे वर जागा उरते. नवीन माणूस प्रत्येक सुराला ते खालीवर करतो आणि ब्लॉकिंगमधला गोंधळ त्यात झाकला जातो, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे व्हॉल्यूम पेडल बाजूलाच ठेवा असं मी सांगेन. अँप कुठलाही चालेल, फक्त आवाज स्वच्छ हवा, डिस्टॉर्शन नको, थोडा रिव्हर्ब.

शिक्षकाचं म्हणाल तर दर आठवड्याला मिळाला नाही तरी चालेल, पण पहिल्या महिन्यात एकदा दोनदा कोणीतरी तुमचे हात आणि बसणं प्रत्यक्ष बघायला हवं. तुम्ही डॅलसला आहात, हे वाद्य वाजवणारी माणसं त्या भागात भरपूर आहेत, कार्यक्रमानंतर जाऊन बोला, हे लोक मनापासून दाखवतात. बाकी जेफ न्यूमन यांचे धडे बघा, ते २००४ मध्ये गेले पण उजव्या हाताबद्दल इतकं नीट सांगणारा माणूस मला दुसरा माहीत नाही. ऐकायला कंट्री गायक रे प्राइसच्या बँडमधले एमन्स आणि जिमी डे, कारण टेक्सासच्या डान्स हॉलचा तोच ठेका. मग राल्फ मूनी, लॉइड ग्रीन. ऐकताना प्रत्येक वेळी एकच विचारा, आत्ता बार हलला की पाय?

वापरलेलं वाद्य बघायला जाल तेव्हा ट्यूनर घेऊन जा. प्रत्येक पेडल आणि लिव्हर दाबून सोडा, तार मूळ सुरावर परत येते का बघा. नाही आली तर चेंजरमध्ये जुनं तेल घट्ट झालेलं असू शकतं, ते साफ होतं पण किंमत पाडून मागा. तिसरी तार, ०११ गेजची (म्हणजे ०.०११ इंच जाडीची), सगळ्यात आधी तुटते, तिच्या सुट्या चारपाच घेऊन ठेवा. आणि एखादं वाद्य पसंत पडलं तर पैसे देण्याआधी त्याच्या खालच्या बाजूचा फोटो इथे टाका, पेडल-लिव्हरना चेंजरशी जोडणारे रॉड कुठे कुठे लागलेत ते बघून मी सांगतो त्यात काय काय बसवता येईल.