मनिलात मुलांना इंटरनॅशनल शाळेऐवजी इथल्या खाजगी शाळेत घालावं का? प्रवेश आणि अभ्यासक्रम कसा असतो?

तुम्ही लिहिलंय की यजमानांची बदली मनिलाला झालीय, मुलगी तिसरीत जाईल, मुलगा पाच पूर्ण करतोय, आणि कंपनी इंटरनॅशनल शाळेची फी देणार नाही. इथल्या खाजगी शाळा कोणी काढल्या, प्रवेश कसा मिळतो आणि शिकवतात काय, हे तुम्हाला हवंय. आमची दोन्ही मुलं मनिलाला लागून असलेल्या केसोन सिटीतल्या अशाच एका शाळेत शिकतात, म्हणून लिहिते.

आधी माझं मत. मुलाला बिनधास्त घाला. मुलीचा मात्र नीट विचार करा. कारण इंग्रजी नाही, इंग्रजी तिला चालून जाईल. कारण फिलिपिनो भाषा. त्यावर खाली येतेच.

शाळा बघायला जाल तेव्हा फी विचारायच्या आधी विचारा, शाळा काढली कोणी? इथे त्यावर बरंच काही ठरतं: कुणाला झुकतं माप मिळतं, कुठला जादा विषय सक्तीचा आहे, सकाळ कशाने सुरू होते. स्पॅनिश राजवटीतल्या शाळा धर्मसंघांच्या. १७६८ मध्ये हाकललेले जेझुइट १८५९ मध्ये मनिलात परतले आणि त्यांनी शहराची एक शाळा चालवायला घेतली, तीच आजची आतेनेओ. फिलिपिन्सचे राष्ट्रनायक होसे रिझाल तिथलेच विद्यार्थी. मग अमेरिकन आले आणि त्यांच्यामागून प्रॉटेस्टंट मिशन. दुमागेते शहरातली त्यांची सिलिमान ही शाळा १९०१ ची. पण मला सगळ्यात भावते ती १९०७ ची गोष्ट. लिब्रादा आवेलिनो आणि कार्मेन दे लुना या दोन शिक्षिकांनी मनिलात मुलींसाठी सेंत्रो एस्कोलार उभी केली, तीही कुठल्याही धर्मसंघाच्या छत्राखाली न जाता. कर्व्यांचं महिला विद्यापीठ १९१६ चं, म्हणजे काळ साधारण तोच. १९२६ मध्ये मेरीनोल संघाच्या अमेरिकन नन्सनी मनिलाजवळच्या मालाबोनला शिक्षिका घडवणारी शाळा काढली. ती आज मिरियम कॉलेज म्हणून कातिपुनान रस्त्यावर आहे आणि आता चालवणारे सामान्य नागरिक आहेत, नन्स नाहीत.

झेवियर हे नाव ऐकून तुम्हाला मुंबईचं कॉलेज आणि जुन्या गोव्यातलं बॅसिलिका आठवेल. संत तोच. पण इथली झेवियर स्कूल १९५६ ची, चीनमधून बाहेर पडावं लागलेल्या जेझुइटांनी चिनी वंशाच्या मुलांसाठी काढलेली. त्यामुळे तिथे चिनी भाषा हा शोभेचा विषय नाही. १९७३ मध्ये सरकारने सगळ्या चिनी शाळांचं फिलिपिनीकरण केलं, तरी भाषा टिकली. तुमच्या घरी संध्याकाळी मँडरिनचा गृहपाठ घेणारं कुणी नसेल, तर अशा शाळेत मुलाची ओढाताण होते हे मी शेजारच्या घरात बघितलंय.

आज नवी शाळा काढायची तर राज्यघटनेप्रमाणे मालकी किमान ६० टक्के फिलिपिनो हवी (धर्मसंघांच्या शाळांना यातून सूट आहे). शिवाय राजदूतावासाच्या आणि तात्पुरत्या रहिवाशांच्या मुलांसाठीच्या शाळा सोडल्या, तर कुठल्याही शाळेत परदेशी मुलं एक तृतीयांशाहून जास्त चालत नाहीत. शिक्षण खात्याकडून, म्हणजे डेपएडकडून, आधी परवाना मिळतो आणि नंतर मान्यता. गल्लीतली गोड दिसणारी, रंगीत भिंतींची शाळा नुसत्या परवान्यावर चालतेय की मान्यताप्राप्त आहे, आणि कुठल्या इयत्तेपर्यंत, हे रजिस्ट्रारला सरळ विचारा. ते राग मानत नाहीत.

आता प्रवेश. मोठ्या शाळांत पुढच्या वर्षाचे फॉर्म कित्येक महिने आधी निघतात. लहान शाळांत वर्ष सुरू व्हायच्या तोंडावरही जागा मिळते. वर्ष साधारण जूनला सुरू होतं, म्हणजे आपल्यासारखंच, करोनानंतर मध्ये गाडी रुळावरून घसरली होती ती परत आली. काही बड्या शाळा ऑगस्टला सुरू होतात. फॉर्म, लेखी चाचणी, आईवडिलांची मुलाखत, मग निकाल आणि जागा राखून ठेवायचे पैसे असा क्रम. बालवर्गाच्या मुलांना परीक्षा अशी नसते. एका खोलीत ठोकळे देऊन बसवतात आणि आईपासून दूर झाल्यावर ते काय करतं ते बघतात. आमच्या धाकट्याने ठोकळे बाजूला सारले आणि मॅडमचं आयकार्ड ओढत बसला. तरी घेतलं त्याला. तुमच्या मुलाला पहिलीत टाकायचा मोह होईल, भारतात बालवाडी झालीय म्हणून. तसं करता येत नाही. पहिलीआधी किंडरगार्टनचं एक वर्ष कायद्यानेच सक्तीचं आहे.

कागदांमध्ये एक वस्तू आपल्या शाळांना नवीन असते: आधीच्या वर्गशिक्षिकेने भरायचा शिफारस फॉर्म, पाकिटात बंद करून, पाकीट चिकटवलंय तिथे आडवी सही करून. आमच्या सोलापूरच्या बाई म्हणाल्या, "पाकीट कशाला बंद? मी काय वाईट लिहिणारे का?" मी म्हटलं, बाई, सही करा फक्त. प्रगतिपुस्तकाला इथे फॉर्म १३८ म्हणतात आणि कायमच्या नोंदीला फॉर्म १३७. तो १३७ पालकांच्या हातात सहसा देत नाहीत, एक शाळा दुसरीकडून परस्पर मागवते. आपला शाळा सोडल्याचा दाखला घेऊन याच, तो त्याच्या जागी चालवून घेतात. जन्मदाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणूनचा सरकारी शिक्का, भारतातच करून आणा. फिलिपिन्स २०१९ पासून अपोस्टिल मानतं, त्यामुळे वकिलातीच्या खेपा वाचल्या. व्हिसाचं म्हणाल तर अठराच्या आतल्या परदेशी मुलांसाठी इमिग्रेशनचं स्पेशल स्टडी परमिट असतं. यजमानांच्या व्हिसावर मुलांना ते लागतं की नाही हे शाळा आणि कंपनी दोघांकडून लेखी घ्या.

आणि आता ती गोष्ट, जी मला कुणी सांगितली असती तर माझे तीन महिने वाचले असते. मधलं नाव! फॉर्मवर तीन रकाने असतात: नाव, मधलं नाव, आडनाव. आपण सवयीने मधल्या रकान्यात बापाचं नाव लिहितो. इथे मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. जवळजवळ सगळ्याच मुलांचं. मी थोरलीच्या फॉर्मवर तिच्या बाबांचं नाव लिहिलं, सचिन. खिडकीतल्या मुलीने फॉर्म बघून हसून विचारलं, "मॅम, तुमचं माहेरचं आडनाव सचिन का?" मीही हसले, नाही म्हटलं आणि समजावून सांगितलं. तिने मान डोलावली. आणि संगणकात भरताना, आईचं माहेरचं आडनाव: सचिन. डेपएड प्रत्येक मुलाला बारा आकडी क्रमांक देतं, तो जन्मभर शाळा बदलली तरी बदलत नाही. त्या क्रमांकाशी हे सचिन चिकटलं. पासपोर्टवरच्या माझ्या नावाशी काहीच जुळेना. शेवटी सिटी हॉलसमोरच्या नोटरीकडे जाऊन नावातल्या तफावतीचं अफिडेव्हिट केलं. ते टाइप करणाऱ्या काकांनी तेवढ्यात तिसऱ्याच प्रकारे स्पेलिंग लिहिलं. पुन्हा टाइप. तुम्ही पासपोर्टमध्ये आहे तसं मुलाचं आणि बाबांचं नाव एकत्र पहिल्या रकान्यात लिहा, मधला रकाना 'लागू नाही' करा, आणि छापील नोंद हातात घेऊन अक्षर अक्षर तपासल्याशिवाय खिडकी सोडू नका.

फीबद्दल दोनच ओळी. रोख, सहामाही, तिमाही, मासिक असे हप्ते असतात आणि रोखीचा आकडा सगळ्यात कमी. फी वाढवली तर त्या वाढीतला ७० टक्के वाटा कर्मचाऱ्यांच्या पगारात जायला हवा असा कायदा आहे. आपत्ती किंवा तशाच खऱ्या अडचणीमुळे फी थकलेल्या गरजू मुलांना परीक्षेला न बसवणं २०२४ च्या कायद्याने बंद झालंय. इथले शेजारी सातवीच्या प्रवेशाला सरकारी अनुदानाची गोष्ट करतील, ती फिलिपिनो मुलांसाठी आहे, त्यात आपण नाही.

अभ्यासक्रम सगळ्या शाळांना डेपएडचाच पाया. आधी इथे शालेय शिक्षण दहा वर्षांतच संपायचं. २०१२ पासून ते टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं आणि २०१३ च्या कायद्याने पक्कं झालं: एक वर्ष किंडर, सहा प्राथमिक, चार ज्युनियर हायस्कूल, दोन सीनियर हायस्कूल. २०२४ पासून 'माताताग' नावाचा हलका केलेला अभ्यासक्रम येतोय, सुरुवात किंडर, पहिली, चौथी आणि सातवीपासून. त्यात पहिलीला पाचच विषय, आणि विज्ञान तिसरीपासून. खाजगी शाळा त्यावर आपापलं चढवतात: कॅथलिक शाळेत धर्मशिक्षण, चिनी शाळेत चिनी. कॅथलिक शाळेत तुमच्या मुलांना हिंदू म्हणून कुणी हिणवणार नाही, पण धर्माचा तास आणि त्याचे गुण चुकणार नाहीत. आमची थोरली त्या विषयात वर्गात दुसरी आली. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

गणित, विज्ञान इंग्रजीतून. सामाजिक शास्त्रं मात्र फिलिपिनोतून, आणि चौथीपासून ती जड होतात. म्हणून मुलीची काळजी. पाच वर्षांचं पोर सहा महिन्यांत खेळता खेळता बोलायला लागतं. आठ वर्षांच्या मुलीला पहिल्या दिवसापासून त्यात धडे वाचून उत्तरं लिहायची असतात. तिच्यासाठी शिकवणी लावा, येण्याआधीपासूनच. काही शाळा परदेशी मुलांना वेगळा सोपा तास देतात, ते मुलाखतीतच विचारून घ्या. धीर देणारी गोष्ट एवढीच की काही शब्द ओळखीचे निघतात. शिक्षकाला गुरो, चेहऱ्याला मुखा. आणि मोठ्यांशी बोलताना प्रत्येक वाक्यात 'पो' लावायचा, तो आपल्या अहो-जाहोचाच भाऊ. पोरी तो पटकन उचलतात.

गुणांचं गणित घरच्यांना आधीच समजावून ठेवा. थोरलीचं पहिल्या तिमाहीचं कार्ड आलं, फिलिपिनोत ७८. व्हिडिओ कॉलवर सासरे खूश, "अठ्ठ्याहत्तर! परकी भाषा आणि डिस्टिंक्शन!" मला वर्गशिक्षिकेने त्याच संध्याकाळी भेटायला बोलावलं होतं. इथे पास व्हायला ७५ लागतात. कच्चे ६० टक्के मिळाले की कार्डावर ७५ लिहायचे, असा तक्ता असतो. तिचे ७८ म्हणजे खरे ६५ च्या आसपास. आपल्या पस्तीसच्या सवयीने बघितलं तर घोळ होणारच. सन्मान ९० पासून पुढे. शिवाय भाषेच्या गुणांत तिमाही परीक्षा फक्त २० टक्के होती, लेखी काम ३० आणि करून दाखवायचं काम ५०. ऑगस्टमधल्या भाषा महिन्यात वर्गाने मिळून कविता म्हणायची होती. ही मागच्या रांगेत नुसते ओठ हलवत उभी होती आणि बाईंनी ते बरोबर टिपलं होतं.

अजून एक. येताना दोन इंच बाय दोन इंचाचे, पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो प्रत्येकी दोन डझन काढून आणा, आणि मोठी खाकी पाकिटं. रजिस्ट्रार प्रत्येक खेपेला दोन्ही मागते.