नाशिकचा फ्लॅट विकून मनमाडला बैठं घर घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की आई-वडील नाशिकला तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, दोघांचे गुडघे गेलेत, म्हणून फ्लॅट विकून मनमाडला बैठं घर घ्यायचंय, आणि एजंट म्हणतोय दिवाळीच्या आत टोकन द्या. माझं उत्तर, घर जरूर घ्या पण मे महिन्यातलं मनमाड बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. मी नाशिकरोडला राहतो, आमच्या आई-वडिलांसाठी आम्ही त्याच पट्ट्यात बैठं घर घेतलंय, त्यामुळे हे मनापासून सांगतोय.

आत्ता ऑक्टोबरमध्ये तिकडे सगळं छान दिसतं, विहिरींना पाणी, अंकाई-टंकाईचे डोंगर पण हिरवे. पण आपला जिल्हा एक असला तरी पाऊस एक नाही ना. इगतपुरीला ३००० मिमीच्या वर पडतो आणि नांदगाव-येवल्याकडे, म्हणजे मनमाडच्या भागात, ५०० च्या आसपास, तोही वेळेवर आला तर. मनमाडला वर्षानुवर्षं वागदर्डी धरण आटलं की नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी पाणी यायचं हे तिथल्या कुणालाही विचारा. आता करंजवण धरणातून पाइपलाइनची योजना आहे, पण योजना आहे आणि तुमच्या गल्लीत पाणी येतं ह्या दोन वेगळ्या गोष्टी. एजंटला विचारू नका, शेजारच्या दोन-तीन घरातल्या बायकांना विचारा की उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येतो, किती वेळ चालतो, मोटर लावावी लागते का, टँकर कधी मागवला होता. खरा हिशेब त्यांच्याकडेच असतो.

त्यावरून टाकी ठरवा. दोन माणसांना काटकसरीने रोजचे २०० लिटर धरले तर पंधरा दिवसांचे ३००० होतात. त्यात कूलर धरा, कारण तिकडची हवा कोरडी, कूलर एसीपेक्षा स्वस्तात चांगला गारवा देतो, पण मोठा कूलर दुपारपासून पहाटेपर्यंत चालला की ५०-६० लिटर सहज पितो, म्हणजे पंधरा दिवसांत अजून ९०० लिटर. नातवंडं सुट्टीत आली की संपलंच. म्हणून मी तर म्हणेन जमिनीखाली १०,००० लिटरची टाकी हवीच, साधारण ८ बाय ७ फूट आणि साडेसहा फूट खोल, आणि घरात ती नसेल तर अंगणात खोदायला जागा आहे का, खाली कातळ लागतो का हे आधी बघा, कातळ लागला तर खोदाईचा खर्च भलताच वाढतो. बोअर आहे एवढ्यावर खूश होऊ नका. आपल्याकडच्या काळ्या खडकात एका बोअरला पाणी आणि वीस फुटांवर दुसरा कोरडा असं सर्रास होतं, आणि लागलं तरी बऱ्याचदा क्षाराचं. मे मध्ये बोअर किती वेळ चालतो तेवढंच खरं.

बैठ्या घराचा एक मोठा फायदा म्हणजे अख्खा स्लॅब तुमचा. १००० चौरस फूट स्लॅबवर ५०० मिमी पाऊस म्हणजे जवळपास ४६,००० लिटर पाणी, वाया जाणारं सोडलं तरी ३५,००० लिटर टाकीत किंवा बोअरच्या बाजूला खड्ड्यात जिरवता येतं. पहिला पाऊस मात्र सोडून द्यायचा, धूळ असते.

आणि तोच स्लॅब उन्हाळ्यात छळतो. फ्लॅटमध्ये वर कुणीतरी राहत असतं त्यामुळे ते जाणवत नाही, बैठ्या घरात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री एक-दोनपर्यंत उष्णता खाली सोडत बसतो. म्हातारी माणसं दुपारी घरातच असतात, त्यांना याचा खरोखर त्रास होतो. जुनी धाब्याची घरं, जाड भिंती आणि वर मातीचं छत, ती उगीच नव्हती. स्लॅबच्या घराला वर चायना मोजॅक (पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवलेला थर) किंवा पांढरा कोट, पश्चिमेच्या भिंतीला सावली, जमलं तर गच्चीवर पत्र्याची शेड, एवढा खर्च घराच्या किमतीतच धरून चाला. आणि घर बघायला दुपारी तीनला जा, सकाळी नको!

भेगा पण बघा. काळ्या मातीवर पाया खोल न घेता बांधलेलं घर पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात बसतं, मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा जातात. नुकताच रंग दिलेलं घर असेल तर जास्त निरखून बघा. गुडघ्यांसाठी घेताय तर जोत्याच्या पायऱ्या पण मोजा, बऱ्याच बैठ्या घरांना दारात चार-पाच उंच पायऱ्या असतात आणि संडास मागच्या अंगणात. आईंना घेऊन जा आणि त्यांना चढू-उतरू द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात: एनए (बिनशेती) ऑर्डर, मंजूर नकाशा, ७/१२ किंवा प्रॉपर्टी कार्ड, घरपट्टीची पावती आणि वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देतो म्हणाला तर सरळ उठून या, नोंदणीकृत खरेदीखताशिवाय मालकी येत नाही. आणि घर फक्त आईंच्या नावावर घेतलंत तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत मिळते, ती विचारून घ्या.

घाईचं म्हणाल तर कराच्या भीतीने घाई करू नका. फ्लॅट विकल्यापासून २ वर्षांच्या आत दुसरं घर घेतलं तरी भांडवली नफ्यावरची सवलत मिळते, फक्त पैसे कुठल्या खात्यात ठेवायचे ते सीएला विचारा. मी तुमच्या जागी असतो तर नाशिकचा फ्लॅट इतक्यात विकलाच नसता, मार्च ते जून त्याच गल्लीत भाड्याने बैठं घर घेऊन दोघांना राहू दिलं असतं. नाशिकरोडहून रेल्वेने तास-सव्वा तासाचं अंतर, तुम्ही शनिवार-रविवार जाऊन येऊ शकता, डॉक्टर आणि औषधाचं दुकान किती लांब तेही तेव्हाच कळेल. एजंटला सांगा जूनमध्ये बोलू, तोपर्यंत हे घर गेलं तर दुसरं बघू.