आजोबांच्या कॅमेऱ्याची हरवलेली पाटी

प्रश्न : मेन रोडला माझ्या आजोबांचा फोटो स्टुडिओ होता. माळा आवरताना त्यांचा हाफ प्लेट लाकडी कॅमेरा सापडला. पितळी पट्टीवर ‘वागेश्वरी’ असं नाव आहे. भाता (मधला घड्यांचा भाग) शाबूत आहे, पण लेन्स नाही आणि ती बसवायची चौकोनी पाटीही नाही. मी २१० मिलिमीटरची लेन्स घेतली आहे, ती ‘कोपल १’ मापाच्या शटरमध्ये बसवलेली आहे. सुतार म्हणतो, पुढची चौकट जराशी तासून जाड फळी पक्की बसवून देतो. देऊ का करायला?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : अजिबात नको. त्या सुताराला चहा पाजा आणि घरी पाठवा. पाटी बिघडली तर शंभर-दोनशे रुपयांत दुसरी होते, तासलेली चौकट परत येत नाही. मी सातपूरला फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करण्यात तीस वर्षं घालवली, तरी कॅमेऱ्याच्या लाकडाला पटाशी लावताना अजून हात थांबतो.

तुमचा कॅमेरा केरळातल्या अलप्पुळचा, सागवान आणि पितळेचा. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या घरात तो जन्मला. पेटीचा भाता ज्याला जमतो त्याला कॅमेऱ्याचा भाता का जमू नये!

लेन्स चांगली घेतलीत. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच, त्याचा कर्ण साधारण २०४ मिलिमीटर, आणि तुमची २१० ची लेन्स त्याला पुरते. १५० ची घेतली असती तर चारही कोपरे काळे पडण्याची भीती होती.

आता पाटी. आधी चौकट मोजा, आणि चारही बाजू वेगवेगळ्या मोजा. जुन्या कॅमेऱ्यांची चौकट डोळ्याला चौरस दिसते, गुण्या लावला की खरं कळतं. कडेची खाच किती खोल आणि वरची पितळी पट्टी किती जाडीची पाटी धरते, तेही बघा. मग जाड पुठ्ठ्याची पाटी कापून बसवून पाहा आणि तिच्यावर ‘वर’ असं लिहा. हा पुठ्ठा हसण्यावारी नेऊ नका, माझं निम्मं काम त्याच्यावरच होतं.

लाकूड म्हणून अखंड सागाची फळी सुचवणार नाही, जरी कॅमेऱ्याला तीच शोभेल. माझी पहिली पाटी मी मे महिन्यात केली, अशी घट्ट की टाळी वाजवून सगळ्यांना दाखवली. आषाढात लाकूड आडव्या अंगाने फुगलं आणि पाटी आत अडकली. उचकटताना चौकटीचा टवका उडाला. तो टवका अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, रागावायला उपयोगी पडतो. म्हणून चांगला बर्च प्लाय घ्या, तीन मिलिमीटरचे दोन तुकडे. पुढचा तुकडा चौकटीच्या खाचेत बसेल एवढा, मागचा त्याहून लहान, चौकटीच्या भोकात बेताने शिरेल असा. दोन्ही फेव्हिकॉलने चिकटवले की मागे आपोआप पायरी तयार होते. ही पायरी प्रकाश अडवते. तिच्याशिवाय पाटी कितीही गुळगुळीत करा, कडेने उजेड आत जातोच. सगळ्या कडांना अर्धा मिलिमीटर सैल ठेवा.

कोपल १ शटरसाठी पुढच्या तुकड्याला भोक ४१.६ मिलिमीटरचं. होल सॉ ४१ चा मिळतो. बाकीचं गोल काठीला पॉलिशपेपर गुंडाळून वाढवा. शटर सहज आत गेलं पाहिजे, खुळखुळलं नाही पाहिजे. मागच्या तुकड्याचं भोक मात्र मोठं हवं. शटर मागून आवळून धरणारी गोल कडी सहा मिलिमीटर जाडी पार करून त्याच्या आट्यांना पुरेल याची खात्री नसते. मोठ्या भोकात कडी तीन मिलिमीटरवर बसते आणि नीट धरते. ते किती मोठं? कडीचा व्यास मोजा, लेन्सच्या मागच्या भिंगाच्या नळीचाही मोजा, जो मोठा असेल त्याहून चार-पाच मिलिमीटर जास्त. नळी कडीपेक्षा रुंद असू शकते, मग कडी बसते आणि भिंग बसत नाही. कॅमेऱ्याच्या भोकातून ती नळी आत जाते का, हेही आधीच पाहा.

बसवताना मागचं भिंग उकलून बाजूला ठेवा, शटर पाटीत घाला, कडी आवळा, मग भिंग परत लावा. भिंग आणि शटर यांच्यामध्ये पातळ पितळी चकती निघाली तर ती कचरा समजून टाकू नका, होती तिथेच परत घाला. शटरच्या पाठीला बहुधा एक बारीक बोंड असतं, शटर फिरू नये म्हणून. पाटीत त्याच्यासाठी कानशीने खाच काढा. नाहीतर शटर चढवताना आख्खी लेन्स हातात फिरेल.

रंग शाळेच्या फळ्याचा, मॅट काळा. मागची बाजू आणि भोकाच्या आतल्या कडा नक्की रंगवा, कारण तिथलंच उघडं लाकूड चमकतं. पुढून हवं तर सागाचं व्हेनिअर लावा, आजोबांना आवडेल.

शेवटी रात्री दिवे घालवून मोबाईलचा टॉर्च कॅमेऱ्याच्या आत मागून धरा आणि पाटीच्या चारही कडा तिरक्या नजरेने पाहा. भात्याच्या घड्यांचे कोपरेही बघून घ्या. शाबूत दिसणारा भाता टॉर्च लावल्यावर चांदणं दाखवतो.

प्रश्न : माझ्याकडे शटर नसलेली पितळी लेन्स आहे, पण ती ज्यात फिरवून बसते ती चकती (फ्लँज) हरवली आहे. पाटीला थेट चिकटवू का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : चिकटवू नका, पुढच्या माणसाला शिव्या देत ती काढावी लागेल. सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या लेथवाल्याकडे लेन्सच घेऊन जा, माप सांगून भागत नाही. जुन्या इंग्रजी लेन्सचे आटे बहुतेक इंचाच्या हिशेबाचे, ते मेट्रिक चकतीत दोन फेरे जाऊन अडकतात. ‘घट्टच बसेल हो’ म्हणून त्याने जोर लावला की पितळी आटे गेले.

चकती पाटीला पितळी स्क्रूने लावा. आधी गिरमिटाने बारीक भोक पाडा, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून बाहेर काढा, आणि पितळी स्क्रूला साबण लावून हलक्या हाताने बसवा. थेट पितळी आवळला की डोकं तुटून उरलेला दांडा पाटीत राहतो. मी असे तीन तोडले आहेत, एकाच दुपारी.